आसारामची पेटी, वनमालाचं टेबल

दिंद्रुडच्या बसस्थानकासमोर, पिठाच्या गिरणीला लागून पत्र्याचं एक दुकान आहे, आणि दुकानाच्या मागेच घर. पाटीवर लिहिलंय, 'वनमाला लॅपटॉप व मोबाईल दुरुस्ती'. पेंटरनं पहिल्यांदा वर मोठ्या अक्षरांत तिच्या नवऱ्याचं, हनुमानचं, नाव रंगवलं होतं आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचं. वनमालानं पेंटरला पुन्हा शिडीवर चढवलं. हनुमान शेजारीच उभा होता. तो पेंटरला म्हणाला, "पूस गड्या. मला मेंढरं वळखत्यात, लॅपटॉप न्हाई."

मला हे जोडपं तेव्हापासून आवडतं.

माझं आयुष्य फिरत्या नाटक कंपनीत गेलं. मिसरूड फुटायच्या आधी मी राण्या केल्या, मिशा आल्यावर राजे केले, पोट सुटल्यावर प्रधान झालो आणि गुडघे गेल्यावर गावी येऊन बसलो. रंगमंचावर मी शेकडो वेळा शौर्य गाजवलं, पण ते सगळं कुणीतरी लिहून दिलेलं असायचं. वनमालाचं मी जे पाहिलं ते तिला कुणी लिहून दिलं नव्हतं. म्हणून ते सांगायला बसलोय.

वनमाला मूळची गेवराईकडची. गोदावरीच्या काठाकाठानं मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरातली. आठवडाभराचा संसार घोडीच्या पाठीवर लादलेला असायचा आणि त्या ओझ्याच्या शेंड्याला तिच्या वडिलांचा रेडिओ बांधलेला असायचा. तो रेडिओ एकदा पाण्यात पडला. वडील म्हणाले, गेला. वनमालानं तो दगडावर उघडा करून वाळवला, सुटलेली तार दातांनी सोलून पुन्हा जोडली आणि संध्याकाळी रेडिओ बोलायला लागला. त्या दिवशी वडिलांनी सगळ्या तांड्याला रेडिओ ऐकवला आणि प्रत्येकाला सांगितलं की हा पोरीनं बोलता केला. पुढे त्याच वडिलांनी तिला अंबाजोगाईला मावशीकडे ठेवलं. तिथं शाळा झाली, नंतर इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स झाला आणि मग ती लग्न होऊन आमच्या गावात आली.

शहरातल्या कचेऱ्यांतून काढून टाकलेले जुने लॅपटॉप तिच्याकडे येतात. त्यांना आताच्या जड प्रणाल्या पेलत नाहीत, म्हणून ती त्यांच्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकते. "म्हाताऱ्या घोडीवर वझं बघून टाकावं, नाना," असं ती मला म्हणते. गावातली कॉलेजला जाणारी पोरं-पोरी हेच लॅपटॉप वापरतात.

लिनक्स म्हणजे काय हे मला नीटसं कळत नाही, पण त्याचं जागं होणं मला फार आवडतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावतात. कळफलक सापडला, पडदा सापडला, आवाजाचं यंत्र सापडलं, डिस्क सापडली. आमच्या कंपनीत पहिल्या घंटेच्या आधी मॅनेजर विंगेत उभा राहून अशीच हजेरी घ्यायचा. राजा आला? आला. दासी आली? आली. तलवारी आल्या? सगळे आल्याशिवाय पडदा वर जात नसे.

आता आसारामकडे येतो. आसाराम हा वनमालाच्या सासूचा, साखराबाईचा, सख्खा भाऊ आणि माझा कंपनीतला पेटीवाला. मेंढरांमागचा पोरगा भजनात पेटी शिकला आणि थेट कंपनीत आला. माझा सूर कुठे ढळणार हे त्याला माझ्या आधी कळायचं. तो पेटीतून तिथं हात पुढे करून उभा असायचा आणि लोकांना वाटायचं की मी फार सुरेल गातो. या म्हाताऱ्यानं गेल्या वर्षी ठरवलं की गावातल्या बायकांचं एक नाटक बसवायचं. लिहिलं मी, चाली त्यानं लावल्या. तालमी रंगात आल्या आणि वनमालानं एक शहाणपणाचं काम केलं. आसाराम रोज पेटीवर बसायचा तेव्हा ती त्याचं वाजवणं लॅपटॉपमध्ये भरून घ्यायची. सगळी पदं, प्रवेशांमधले तुकडे, अगदी नांदीसुद्धा.

पोळा झाला आणि आसारामला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, पण उजवा हात गेला.

तो हात मांडीवर ठेवून तो तालमीला येऊन बसायचा. लॅपटॉपमधून पेटी वाजायची आणि बायका गायच्या. तो एकदा मला म्हणाला की आपण मेल्यावर लोक आपलं काय ऐकतात हे बघायची लई हौस होती, ती जिवंतपणीच फिटली. दसऱ्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर प्रयोग ठरला. आसारामची खुर्ची पहिल्या रांगेत, मधोमध.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. त्या दिवशी आपापल्या हत्यारांची पूजा करायची. सुतार वाकस मांडतो, शेतकरी नांगर धुतो, हनुमान मेंढरं कातरायची कातर आणि कुऱ्हाड मांडतो. वनमालाच्या घरात पाटावर लाल फडक्यावर तिचे स्क्रू ड्रायव्हर, तारांना डाग द्यायचा कावीया आणि मधोमध तिचा स्वतःचा लॅपटॉप मांडलेला होता, झाकण उघडं ठेवून. हळदी-कुंकवाचं एक बोट वनमालानं लावलं. पण साखराबाई ही मल्हारी देवाच्या घरची बाई. भंडारा उधळायचा म्हणजे बोटानं नव्हे, मुठीनं. नाटक आपल्या भावाचं, यंत्र आपल्या सुनेचं. तिनं पिशवीत हात घातला, देवाचं नाव घेतलं आणि मूठभर पिवळी हळद कळफलकावर अशी उधळली की मला नाटकातला गुलाल आठवला. सगळे हसले. वनमालाही हसली.

दुपारी रंगीत तालमीसाठी तिनं बटण दाबलं. काळा पडदा आला, पांढऱ्या ओळी धावायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. खालची रेघ लुकलुकत राहिली. मग एक ओळ आली. तिनं ती दोनदा वाचली. तालमीच्या बायका एकेक करून तिच्या पाठीमागे गोळा झाल्या.

मी विचारलं, काय म्हणतंय?

"डिस्क सापडत न्हाई म्हनतंय," ती म्हणाली.

आणि आसारामची सगळी पेटी त्या डिस्कवर होती. दुसरी नक्कल होती का, असं मी विचारलं. नव्हती. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती नक्कल ठेवा, नक्कल ठेवा म्हणून सांगते. स्वतःची ठेवायची ती प्रयोगानंतर ठेवणार होती. ते तिनं सरळ सांगितलं आणि लगेच स्क्रू काढायला बसली. त्या बाईचं हे मला फार मोठं वाटतं. मी असतो तर आधी अर्धा तास रडलो असतो, तेही पदर घेऊन.

पाठ उघडली. आत पंख्यात भंडारा, पात्यांवर भंडारा, कळांच्या खाली भंडारा. तालमीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. साखराबाईला अक्षरं वाचता येत नसली तरी चेहरे वाचता येतात. ती उठली, पिशवीतला उरलेला भंडारा देव्हाऱ्यात ठेवला आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. हनुमान तिला जेवायला बोलवायला गेला तेव्हा ती त्याला म्हणाली, "भावाचा हात देवानं नेला. पेटी म्या नेली."

वनमालानं ते ऐकलं. मग तिनं मऊ कुंचल्यानं एक-एक फट झाडून काढली. पंखा मोकळा झाला, कळा मोकळ्या झाल्या. पुन्हा जोडलं, पुन्हा बटण दाबलं. तीच ओळ. डिस्क सापडत नाही.

आता कुणीही म्हणालं असतं की भंडारा खोल गेला, यंत्र गेलं, विषय संपला. तिचा दीर युवराज तसं म्हणालासुद्धा. वनमाला त्याला म्हणाली, पंख्यात घाण हाय म्हणून डिस्क कशी हरवंल? बैलाच्या शिंगाला चिखल लागला म्हणून म्हैस आटती व्हय? युवराज चहा करायला गेला.

तिनं पेन ड्राइव्ह काढला. त्यात आख्खं लिनक्स असतं. आतली डिस्क नसली तरी त्याच्यावर लॅपटॉप जागा होतो. तो लावून तिनं लॅपटॉप जागा केला आणि झाला की जागा. पडदा, आवाज, कळफलक सगळे हजर. मग तिनं काहीतरी टाइप केलं आणि कोण कोण आलंय त्याची यादी पडद्यावर आली. यादीत पेन ड्राइव्ह होता, डिस्क नव्हती. ती मला समजावून सांगत होती. राजवाडा शाबूत हाय, नाना. फक्त राजा येईना. आता बघायचं, राजा मेलाय का वाट बंद हाय.

मी तिला म्हटलं, कंपनीत आम्ही आधी राजाच्या खोलीचं दार बघायचो. बऱ्याच वेळा बाहेरून कडी लागलेली असायची.

डिस्क आणि लॅपटॉप यांच्यामध्ये एक पातळ पट्टीची केबल असते. तिच्यावर काळी चिकटपट्टी घट्ट बसवलेली होती. वनमालानं ती चिमट्यानं सावकाश उचलली. खाली केबल एका वळणावर मोडलेली होती, कागदाची घडी जुनी झाली की पांढरी पडते तशी. हा लॅपटॉप हनुमानच्या मोटारसायकलवर माजलगावच्या रस्त्यानं किती वेळा गेला होता देव जाणे. केबल बरेच दिवस तुटत आली असणार.

वनमाला तशीच उठली, हातात घड्याळजीचं भिंग घेऊन मागच्या अंगणात गेली आणि सासूला हाताला धरून टेबलापाशी घेऊन आली.

"आत्याबाई, हितं बघा. हितं पिवळं हाय का?"

साखराबाईनं भिंगातून बराच वेळ पाहिलं. केबल पाहिली, चिकटपट्टीची खालची बाजू पाहिली. "न्हाई," ती म्हणाली.

"मग तुमचा भंडारा हितवर गेलाच न्हाई. ही माझ्या नवऱ्याच्या गाडीनं मोडली. जेवून घ्या."

साखराबाई जेवली. पण तिचा विश्वास अर्धाच बसला होता, कारण पेटी अजून वाजत नव्हती.

तसली केबल गावात मिळणार नव्हती आणि सणाला बाहेरची दुकानं बंद. दुकानातले दुरुस्त झालेले लॅपटॉप पोरं सणाआधीच घेऊन गेली होती. वनमालानं डिस्क बाहेर काढली, मोबाईलएवढ्या एका केसिंगमध्ये बसवली आणि त्या केसिंगची वायर लॅपटॉपच्या कडेला लावली. यादीत एक ओळ वाढली. डिस्क आली. तिनं आत शिरून नांदीचा तुकडा लावला. आसारामची पेटी एक क्षणभर त्या पत्र्याच्या दुकानात वाजली आणि मी डोळे पुसले. आधी पेन ड्राइव्हवर नक्कल केली तिनं, मग बाकीचं. शिकलेलं ती लगेच वापरते.

इथं कुणाला वाटेल की नाटक संपलं. पण पेन ड्राइव्हवर जागा झालेला लॅपटॉप आवाज रखडत रखडत देत होता आणि पदांची क्रमवारी, प्रत्येक तुकडा कुठल्या कळेवर वाजायचा ही सगळी मांडणी तिच्या स्वतःच्या प्रणालीत होती. पेटी मिळाली होती, पण बायका गाताना ती वेळेवर वाजायला हवी. अर्ध्या मात्रेनं उशिरा आलेली पेटी आसारामनं ऐकण्यापेक्षा न ऐकलेली बरी. वनमालाला त्याच डिस्कवरून लॅपटॉप जागा करायचा होता, बाहेरून का होईना.

दसऱ्याच्या सकाळी ती पुन्हा टेबलावर बसली. लॅपटॉपला सांगितलं की आधी बाहेरच्या डिस्ककडे बघ. ओळी धावल्या, कालच्यापेक्षा पुढे गेल्या आणि थांबल्या. पुन्हा तेच. फक्त या वेळी ओळ म्हणत होती, प्रणालीचं घर सापडत नाही.

"डिस्क तर दिसती, मग कावून?" ती स्वतःशीच म्हणाली.

साखराबाई तेव्हा दारात आपट्याची पानं निवडत होती. तिला चैन पडत नव्हतं. तिनं विचारलं, आता काय मागतंय? वनमालानं पडद्यावरच्या ओळी वाचता वाचता सासूला सांगितलं, जसं ती मला सांगते तसं. यंत्र जागं झालं की डिस्का एका रांगेत बसतात. मी ह्याला सांगून ठेवलंय की पहिल्या जाग्यावर बसलेली डिस्क ती आपली. पण ती डिस्क आता बाहेरून येतीया, म्हणून उशिरा येती. तवर मेमरी कार्डाचं यंत्र येऊन पहिल्या जाग्यावर बसतंय. मग हे त्यालाच मालक समजतंय, आत बघतंय, तर रिकामं.

इथं थोडं थांबून साखराबाईचं एक सांगायला हवं. संध्याकाळी मेंढरं रानातून येतात तेव्हा जाळ्याच्या कुंपणाच्या तोंडाशी ती उभी राहते. मी तिला मोजताना कधी पाहिलेलं नाही. मेंढरं धुळीचा लोट होऊन अंगावरून आत जातात आणि शेवटचं गेलं की ती म्हणते, कानतुटी न्हाई आली. किंवा म्हणते, भुरीचं कोकरू मागं ऱ्हायलं. आणि हनुमान बॅटरी घेऊन परत रानात जातो.

ती साखराबाई पानं खाली ठेवून सुनेला म्हणाली, "जाग्यावरनं कोन वळखतं गं? मेंढरू कुटंबी बसतंय. तोंड बघावं."

वनमालानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला आणि इतकी हसली की गिरणीवाला दळण सोडून बघायला आला.

झालं होतं असं. प्रत्येक डिस्कला स्वतःची एक लांबलचक ओळख असते, अक्षरांची आणि आकड्यांची, जगात दुसऱ्या कुणाची नसते अशी. ती कुठेही बसली तरी ओळख बदलत नाही. लिनक्स बसवताना तीच लिहिली जाते. पण पूर्वी एकदा डिस्क बदलताना वनमालानं घाईत हातानं लिहिलं होतं, आणि ओळखीच्या ऐवजी जागा लिहिली होती. आतली डिस्क नेहमी पहिल्याच जागेवर बसायची, म्हणून इतके दिवस ते चाललं. मेंढराच्या घरात वाढलेली आणि मेंढराच्या घरात दिलेली बाई, आणि तिनं मेंढरू जागेवरून ओळखलं. हे ती आजही स्वतःच सगळ्यांना सांगते आणि स्वतःच हसते.

पेन ड्राइव्हवर लॅपटॉप पुन्हा जागा करून तिनं डिस्कची खरी ओळख विचारून घेतली. जिथं जिथं जागा लिहिली होती तिथं ती पुसून ओळख लिहिली. अक्षरं वाचायला मला बसवलं. माझा आवाज अजून शाबूत आहे. मी एकेक अक्षर असं म्हटलं जसं दरबारात राजाची बिरुदं म्हणतात आणि ती टाइप करत गेली. शेवटी तिनं पेन ड्राइव्ह काढला आणि बटणावरचं बोट उचलून सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमी दाबा."

साखराबाईनं आधी हात पदराला पुसले. मग दाबलं.

पांढऱ्या ओळी धावल्या. थांबायच्या जागी थांबल्या नाहीत. पडदा उजळला आणि त्यावर वनमालानं लावलेलं चित्र आलं, गोदाकाठच्या मेंढरांचं. साखराबाई त्या चित्राकडे बघून म्हणाली, आली सगळी.

संध्याकाळी पारावर गर्दी झाली. खिशात सोन्याची पानं, हातात पोरं, सगळं गाव. विंगेत एका घडी घातलेल्या घोंगड्यावर लॅपटॉप ठेवला होता आणि त्याच्या बाजूला वायरीला लागलेली ती डिस्क, उघड्यावर. तिला कुणाचा पाय लागू नये म्हणून साखराबाई तिथं काठी घेऊन बसली होती. राणीचं काम करणारी बाई घाईत जवळून गेली तर तिलाही काठी दाखवली.

नाटकाच्या आधी नावं पुकारायची जुनी रीत आहे. ती माझ्याकडे होती. पडद्यापुढे उभा राहिलो, पायात ताकद नसते पण पडद्यापुढे येते. पेटी, आसाराम. त्याच्या खुर्चीकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रावर, वनमाला. पुन्हा टाळ्या, आणि हनुमानची शिट्टी. मग मी म्हटलं, आणि जिनं डिस्क तोंडावरून ओळखायला लावली ती साखराबाई. लोकांना काही कळलं नाही, पण माझ्या आवाजावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. विंगेतून आवाज आला, "माझं नाव कावून घेतलं?" तो पहिल्या रांगेपर्यंत पोचला आणि सगळं गाव हसलं.

तिसरी घंटा झाली. वनमालानं कळ दाबली आणि नांदी उचलली. पेटी वेळेवर आली, अर्धी मात्राही इकडे-तिकडे नाही. बायका गायल्या. मी विंगेतून आसारामकडे बघत होतो. त्याचा उजवा हात मांडीवर तसाच होता, पण डावा हात हवेत भाता मारत होता. दुसऱ्या अंकात एका पदाच्या शेवटी त्यानं मान हलवली. नाटक संपल्यावर मी विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, "तिथं माझी तान चुकलीया. वनमालाला सांग, तेवढं ठेव म्हणावं. ती माझीच हाय."

केबल नंतर छत्रपती संभाजीनगरहून आली आणि डिस्क पुन्हा लॅपटॉपच्या पोटात गेली. पेटीच्या नकला आता वनमालाच्या दुकानात, माझ्या घरी आणि आसारामच्या पोराकडे अशा ठेवल्या आहेत.

या वर्षीच्या खंडेनवमीला मी पुन्हा त्यांच्या घरी होतो. पाटावर लाल फडकं, कातर, कुऱ्हाड, कावीया आणि लॅपटॉप. साखराबाईनं पिशवीत हात घातला आणि मग तो तसाच थांबवून सुनेकडे बघितलं. वनमालानं पुढे होऊन लॅपटॉपचं झाकण लावलं, वर स्वच्छ धुतलेलं घोंगडं टाकलं आणि म्हणाली, "उधळा आत्याबाई. मुठीनं उधळा."